दुर्मिळ ब्रिटिश जॅझ रेकॉर्ड्स गोळा करणं आणि वाटणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलवर, रेकॉर्डच्या दुकानात भेटल्यावर लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते सगळं इथे एका जागी केलंय. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. जॅझ तर अमेरिकेचं ना? मग हे ब्रिटिश जॅझ काय प्रकरण आहे?

जन्म अमेरिकेतलाच, त्यात वाद नाही. पण १९१९ मध्ये ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड लंडनला आला, तिथे राहून कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंग करून गेला आणि तेव्हापासून ब्रिटनमध्ये हे संगीत रुजलं. मग १९३५ च्या सुमारास वादकांच्या युनियनांचं भांडण पेटलं आणि अमेरिकन बँड्सना ब्रिटनमध्ये वाजवायची परवानगी मिळणं जवळजवळ बंद झालं, ते थेट १९५६ पर्यंत. म्हणजे वीसेक वर्षं तिथली पोरं अमेरिकन जॅझ शिकली ती मुख्यतः रेकॉर्डवरून, सुई परत परत त्याच जागी ठेवून. १९३३ पासून तिथे रिदम क्लब निघाले होते, लोक एकत्र जमायचे, कुणीतरी आपल्या रेकॉर्ड्स घेऊन यायचा, वाजवायचा आणि त्यावर बोलायचा. तेव्हा रेकॉर्ड वाटून ऐकणं ही तिथली जुनीच रीत आहे, इंटरनेटने आणलेली नाही.

पुढे जमैकाहून, बार्बेडोसहून, साऊथ आफ्रिकेतून आणि आपल्याकडून वादक लंडनला पोचले आणि साठच्या दशकात तिथल्या जॅझला स्वतःचा आवाज मिळाला. आज कलेक्टर ज्यामागे धावतात तो माल साधारण १९५५ ते १९७५ या काळातला आहे.

२. मला यातलं काहीच माहीत नाही, सुरुवात कशापासून करू?

ऐकण्यापासून. खरेदी नंतर. स्टॅन ट्रेसीचा १९६५ चा 'अंडर मिल्क वुड' घ्या, त्यात 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' नावाचा तुकडा आहे, बॉबी वेलिन्सचा टेनर सॅक्सोफोन इतका हळू आणि इतका एकटा वाजलाय की पहिल्यांदा ऐकल्यावर बराच वेळ दुसरं काही लावावंसं वाटत नाही. मग टबी हेज, हा लंडनचा माणूस सॅक्सोफोन, व्हायब्राफोन, फ्लूट सगळं वाजवायचा आणि १९७३ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी गेला. डॉन रेंडेल आणि इयन कार यांच्या क्विंटेटचा, म्हणजे पाच जणांच्या बँडचा, 'डस्क फायर' (१९६६). जो हॅरियटबद्दल प्रश्न ५ मध्ये सविस्तर आहे.

हे सगळं आज रीइश्यूवर, म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या नव्याने काढलेल्या प्रतीवर, किंवा स्ट्रीमिंगवर सापडतं. रेंडेल-कारचे लॅन्सडाऊन स्टुडिओतले (प्रश्न ३ बघा) पाचही अल्बम जॅझमन रेकॉर्ड्सने २०१८ मध्ये एका बॉक्समध्ये काढले, डेक्काने २०२१ मध्ये 'जर्नीज इन मॉडर्न जॅझ: ब्रिटन' हे १९६५ ते १९७२ मधल्या संगीताचं संकलन काढलं. माझं स्पष्ट मत आहे की वर्षभर रीइश्यू ऐकून कान तयार झाल्याशिवाय ओरिजिनलवर पैसे घालू नयेत, कारण त्याशिवाय तुम्ही संगीत नाही, दुसऱ्याने बनवलेली यादी विकत घेता.

३. ह्या रेकॉर्ड्स एवढ्या दुर्मिळ का आहेत? जुन्या तर सगळ्याच असतात.

जुनं असणं आणि दुर्मिळ असणं याचा संबंध थोडाच आहे. १९५९ मध्ये ख्रिस बार्बरच्या बँडची 'पेतीत फ्लर' प्रचंड खपली, ती आजही इंग्लंडमधल्या चॅरिटी शॉपमध्ये चिल्लर पैशात पडलेली असते. ट्रॅडिशनल जॅझ, म्हणजे जुन्या न्यू ऑर्लिन्स वळणाचं, तेव्हा पॉपसारखं विकलं जायचं.

मॉडर्न जॅझची, म्हणजे चाळीसच्या दशकापासूनच्या नव्या वळणाच्या जॅझची, गोष्ट उलटी. १९६३ नंतर बीटल्ससारख्या बीट ग्रुप्सची लाट आली, जॅझचे क्लब आणि श्रोते दोन्ही आटले आणि कंपन्या मॉडर्न जॅझ अगदी थोड्या प्रतींमध्ये काढायच्या. खप नाही म्हटल्यावर लवकरच कॅटलॉगमधून रेकॉर्ड बाद व्हायची. डेनिस प्रेस्टन नावाच्या स्वतंत्र प्रोड्यूसरने हॉलंड पार्कमधल्या लॅन्सडाऊन स्टुडिओत जे रेकॉर्ड केलं आणि ईएमआयच्या कोलंबिया लेबलवर दिलं, त्यातला बराच भाग असाच बाजारातून दिसेनासा झाला.

आणखी एक कारण लोकांना माहीत नसतं. ब्रिटनमध्ये प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते, पण साऊंड रेकॉर्डिंगला तो नियम कधी लागू नव्हता. म्हणजे कुठेतरी एक प्रत सरकारी कपाटात नक्की असेल असं धरून चालता येत नाही. बऱ्याच गोष्टी टिकल्या त्या फक्त कुणीतरी घरी जपल्या म्हणून.

४. सगळ्यात जास्त मागणी कशाला आहे?

भाव रोज बदलतो म्हणून आकड्यांची यादी देत नाही, नावं सांगतो.

माइक टेलर या पियानिस्टचे दोनच अल्बम निघाले, 'पेंड्युलम' (१९६६) आणि 'ट्रायो' (१९६७), दोन्ही कोलंबियावर. १९६९ च्या जानेवारीत त्याचा मृतदेह समुद्रकिनारी सापडला, तेव्हा तो तिशीत होता. ड्रमर जिंजर बेकरबरोबर त्याने लिहिलेली तीन गाणी बेकरच्या क्रीम या रॉक बँडच्या 'व्हील्स ऑफ फायर'वर आहेत, म्हणजे लाखो लोकांच्या घरात त्याचं संगीत आहे आणि नाव कुणाला माहीत नाही. याच्या चांगल्या प्रती हजार पौंडांच्या वर जातात.

टेम्पो हे लेबल: १९५५ नंतर टोनी हॉलच्या देखरेखीखाली टबी हेज, डिझी रीस, व्हिक्टर फेल्डमन, जिमी ड्युकार आणि जॅझ कुरिअर्स हे सगळे इथे रेकॉर्ड झाले आणि साठचं दशक लागताच लेबल थांबलं. त्याशिवाय फाँटानावरचा टबी हेजचा 'मेक्सिकन ग्रीन', आर्गोवरचे मायकल गॅरिक, डेरामवरचे माइक वेस्टब्रुक आणि ग्रॅहॅम कोलिअर, टर्टल नावाच्या छोट्या लेबलवरचे १९७१ चे माइक ऑसबोर्न, जॉन टेलर आणि हॉवर्ड रायली. वेगळ्याच टोकाला इन्कस, जे १९७० मध्ये डेरेक बेली, टोनी ऑक्सली आणि इव्हान पार्कर या वादकांनी स्वतःच सुरू केलं, तिथलं संगीत पूर्ण मोकळं आहे आणि सगळ्यांना झेपेलच असं नाही.

५. यात आपल्या मातीचं कुणी आहे का?

आहे, आणि याच प्रश्नासाठी मला हे पान करावंसं वाटलं.

जो हॅरियट जमैकाचा, जन्म १९२८, लंडनला १९५१ मध्ये आला. त्याचा 'फ्री फॉर्म' १९६० चं रेकॉर्डिंग आहे, फ्री जॅझकडे, म्हणजे ठरलेली चौकट सोडून वाजवण्याकडे, तो स्वतःच्या वाटेने पोचला होता. पुढे त्याची गाठ पडली जॉन मेयरशी, कलकत्त्यात जन्मलेला व्हायोलिनवादक आणि कंपोझर. दोघांनी दुहेरी क्विंटेट उभं केलं, एका बाजूला जॅझचे पाच आणि दुसऱ्या बाजूला सतार, तबला, तंबोरा, फ्लूट आणि मेयरचं व्हायोलिन. १९६६ चा 'इंडो-जॅझ सूट' म्हणजे हे. त्यात 'राग मेघ' आणि 'राग गौड सारंग' अशा नावांचे तुकडे आहेत. त्या रेकॉर्डवर तबला वाजवणारे केशव साठे हे मुंबईचे, पन्नासच्या दशकात लंडनला गेलेले. सतार दिवाण मोतीहार यांची. साठे पुढे १९६७ मध्ये स्विस पियानिस्ट आयरीन श्वाइत्सर हिच्या ट्रायोबरोबर 'जॅझ मीट्स इंडिया'वरही आहेत, नंतर १९७२ च्या 'मॅजिक कार्पेट'वर आणि गिटारवादक जॉन रेनबोर्नच्या ग्रुपमध्येही. एका मराठी तबलजीने ब्रिटिश संगीताच्या इतक्या वेगवेगळ्या घरांत हात घातला आणि महाराष्ट्रात त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं नाव अमांशिओ डिसिल्वा. गोवेकर घरातला, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला गिटारवादक, साठच्या दशकाच्या शेवटी लंडनला गेला. १९६९ मध्ये त्याचा 'इंटिग्रेशन' आला, सोबत रेंडेल आणि कार होते. त्याच वर्षी जो हॅरियटबरोबर 'हम दोनो', त्यावर नॉर्मा विन्स्टनचा आवाज आहे आणि 'बॅलड फॉर गोवा' नावाचा एक तुकडा आहे. त्याच्या गिटारचा सूर गोड आहे पण साखरेचा नाही, मधेच मांडव्यातल्या संध्याकाळची आठवण यावी असं काहीतरी त्यात आहे. 'कोंकण डान्स' हा त्याचा अल्बम सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्ड झाला, पण तेव्हा निघालाच नाही, तीसेक वर्षांनी बाहेर आला. 'हम दोनो'ची मूळ प्रत आता भयंकर महाग आहे, रीइश्यू घ्या आणि ऐका.

६. ओरिजिनल प्रेसिंग आहे हे कसं ओळखायचं?

ओरिजिनल प्रेसिंग म्हणजे रेकॉर्ड पहिल्यांदा निघाली तेव्हाच छापलेली प्रत. ती ओळखायला तीन गोष्टी जुळवून बघायच्या: लेबलचा रंग आणि छपाई, शेवटच्या खाचेजवळ कोरलेले नंबर, आणि कव्हरची बांधणी. एकाच गोष्टीवर विसंबू नका.

लेबल: ब्रिटिश कोलंबियाचं एलपी लेबल आधी हिरवं होतं, १९६३ च्या सुमारास निळं-काळं झालं आणि साठच्या दशकाच्या शेवटी चंदेरी-काळं, त्यावर चौकटीत ईएमआय लिहिलेलं. म्हणजे १९६६ ची रेकॉर्ड चंदेरी लेबलवर दिसली तर ती नंतरची. मधल्या भोकाजवळ लेबलवर दोन अक्षरं दाबून उठवलेली दिसतात, उदाहरणार्थ केटी, तो तेव्हाच्या परचेस टॅक्सचा (खरेदीवरच्या कराचा) कोड आहे आणि त्यावरून काळाचा अंदाज येतो.

कोरलेले नंबर: ईएमआयची रेकॉर्ड अशी धरा की मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या ओळखीचा कोरलेला नंबर, आपल्या समोर खाली येईल. डावीकडे एक आकडा दिसेल, तो मदरचा नंबर, मदर म्हणजे ज्यावरून साचे काढतात तो धातूचा तवा. उजवीकडे अक्षरं दिसतील, तो स्टँपरचा, म्हणजे रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्याचा. ही अक्षरं म्हणजे आकडेच आहेत, ग्रामोफोन लिमिटेड या नावातून घेतलेले: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी शून्य. समजा आर आणि ओ दिसलं तर तो २५ वा स्टँपर. एकच जी दिसला तर पहिलाच. डेक्का, डेराम, आर्गो या घराण्यात हीच पद्धत बकिंगहॅम या शब्दावर चालते, बी १, यू २, सी ३, के ४, आय ५, एन ६, जी ७, एच ८, ए ९, एम शून्य. एकदा हे डोक्यात बसलं की दुकानात उभ्या उभ्या रेकॉर्ड वाचता येते, आणि त्यात जी मजा आहे ती कुठल्याही किंमतीच्या यादीत नाही.

कव्हर: त्या काळातली ब्रिटिश कव्हर्स बहुतेक फ्लिपबॅक असतात, म्हणजे पुढच्या लॅमिनेट केलेल्या कागदाच्या कडा मागे दुमडून चिकटवलेल्या. छापणाऱ्याचं नाव मागे बारीक अक्षरात असतं, गॅरॉड अँड लॉफ्टहाऊस किंवा अर्नेस्ट जे. डे. बारकोड दिसला तर ती नंतरचीच, पुढे बघायचीच गरज नाही.

एक सांगून ठेवतो, मॉडर्न जॅझच्या बाबतीत बऱ्याच रेकॉर्ड्सचं दुसरं प्रेसिंग निघालंच नाही, त्यामुळे पहिलं की दुसरं यापेक्षा खरी की नकली हा प्रश्न जास्त येतो, त्यासाठी प्रश्न १३ बघा.

७. मोनो घेऊ की स्टिरिओ?

मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, स्टिरिओ म्हणजे डावा-उजवा वेगळा. कुठली प्रत आहे ते कॅटलॉग नंबरच्या आधीच्या अक्षरांवरून कळतं. कोलंबियात एसएक्स मोनो, एससीएक्स स्टिरिओ. डेक्कात एलके मोनो, एसकेएल स्टिरिओ. डेराममध्ये डीएमएल आणि एसएमएल. आर्गोत डीए आणि झेडडीए. साधारण १९६७ पर्यंत मोनोच जास्त विकलं जायचं म्हणून त्या काळातली स्टिरिओ प्रत कमी सापडते, आणि त्यानंतर उलटं होत गेलं, १९६८-६९ च्या मोनो प्रती कमी. कानाला काय बरं वाटतं ते आपापलं. लहान ग्रुपचं मोनो मला जास्त भरीव वाटतं, मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी, म्हणजे वेस्टब्रुक किंवा नील आर्डलीसाठी, मी स्टिरिओ घेईन.

८. विकणारा एक्सलंट म्हणतो आणि रेकॉर्ड ओरखड्यांनी भरलेली येते, हे कसं?

बऱ्याचदा दोघं वेगवेगळ्या मापाने बोलत असतात. ब्रिटनमध्ये मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड अशी उतरंड चालते, अमेरिकन पद्धतीत मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी. ब्रिटिश एक्सलंट हा ढोबळ मानाने अमेरिकन व्हीजी प्लस. आणि गुड म्हणजे चांगली नव्हे, बऱ्यापैकी झिजलेली.

विकत घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा. वाजवून बघितली का, की फक्त दिव्याखाली बघितली? आणि शांत भागात, बासच्या सोलोमध्ये वगैरे, खरखर येते का? जॅझमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण रॉकमध्ये आवाजाखाली दडणारा कचरा इथे उघडा पडतो. त्या काळातल्या जड टोनआर्मने (सुई धरणाऱ्या दांडीने) झिजलेल्या खाचा डोळ्याला चकचकीत दिसतात आणि सॅक्सोफोनच्या वरच्या सुरांना फाटतात.

९. भारतात बसून ह्या रेकॉर्ड्स कुठून मिळवायच्या?

खरं सांगायचं तर मुख्यतः बाहेरूनच. डिस्कॉग्ज ही रेकॉर्ड्सची वेबसाइट, ईबे, आणि ब्रिटनमधली दुकानं जी मेलवर व्यवहार करतात. लंडनमध्ये चेरिंग क्रॉस रोडचं डोबेल्स, किंग्ज क्रॉसचं मोल जॅझ ही जुनी मोठी दुकानं आता नाहीत. डोबेल्सने तर स्वतःचं लेबलही काढलं होतं, दुकान ७७ नंबरला म्हणून लेबलचं नाव ७७. अशा दुकानांचे स्टिकर कव्हरच्या मागे सापडले तर काढू नका, तो त्या प्रतीचा इतिहास आहे.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर, पुण्यात जुन्या बाजारात ब्रिटिश जॅझ क्वचित दिसतं, पण बघत राहावं, कारण एकेकाळी बोटीवरचे लोक, विमान कंपन्यांचे लोक, गोव्याची वादक मंडळी बाहेरून रेकॉर्ड्स आणायची आणि त्यांची घरं रिकामी होताना तो माल रद्दीत जातो. मालावर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया किंवा दमदम लिहिलेलं असेल तर ते इथलं प्रेसिंग, ब्रिटिश नाही. भाव कमी, पण म्हणून टाकून देऊ नका.

बाहेरून मागवताना विकणाऱ्याला एक विनंती नक्की करा: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या कागदी स्लीव्हसकट कव्हरच्या मागे ठेवून पॅक करा. आत ठेवली की प्रवासात धक्के बसून कव्हरची कड फाटते. कस्टम ड्युटी आणि जीएसटी लागू शकतो, कुरिअरवाले वर स्वतःचा चार्ज लावतात, तो हिशोब आधी करा. नात्यातलं कुणी लंडनहून येत असेल तर हातातल्या बॅगेत आणायला सांगणं सगळ्यात बरं, चेक-इनमध्ये नको.

१०. माझ्याकडे ७८ च्या रेकॉर्ड्स आल्यात, त्या पण अशाच वाजवायच्या का?

नाही, अजिबात नाही. ७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्ड्स, त्यांची खाच रुंद असते, त्यासाठी साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची सुई तळाशी घसरत जाते, आवाज वाईट येतो आणि सुईही खराब होते. त्या व्हायनलच्या नसून शेलॅकच्या आहेत, म्हणून अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावू नका, शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर सौम्य साबण पुरतो, लेबल ओलं होऊ देऊ नका.

वेगही नेहमी ७८ नसतो. विसाच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश कोलंबिया ८० च्या वेगाच्या आहेत, ७८ वर लावल्या तर सूर खाली येतो.

ब्रिटिश ७८ मध्ये काय शोधावं हा वेगळा विषय आहे, पण तीन नावं घ्यायलाच हवीत. फ्रेड एलिझाल्डेचं विसाच्या दशकाच्या शेवटचं काम, स्पाइक ह्यूजेसचं डेक्कावरचं १९३० पासूनचं, आणि केन 'स्नेकहिप्स' जॉन्सनच्या वेस्ट इंडियन ऑर्केस्ट्राचं. जॉन्सन ८ मार्च १९४१ ला लंडनच्या कॅफे द पारीमध्ये बाँब पडला तेव्हा बँडसकट स्टेजवर होता, तिथेच गेला. त्यांच्या रेकॉर्ड्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

११. पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते, काय करू?

रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. पीव्हीसीची बाहेरची पिशवी काढून टाका, ती रेकॉर्डला डाग पाडते आणि लॅमिनेशनला चिकटते, पॉलिथीनची वापरा. सिलिका जेल ठेवा आणि ते सुकवत राहा, एकदा ठेवून विसरलं की त्याचा काही उपयोग नाही. कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून डीह्युमिडिफायर लावणं हाच खरा उपाय. बुरशी आलेली रेकॉर्ड बाकीच्यांपासून आधी वेगळी करा, मग धुवा.

१२. डिजिटल कॉपी करायची आहे, कशी करू?

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह किंवा फ्लॅक. एमपी३ नंतर केव्हाही बनवता येतं, उलटं होत नाही. मोनो रेकॉर्ड असेल तर मोनो कार्ट्रिज वापरा, नसेल तर दोन्ही चॅनल एकत्र करा, खरखर बरीच कमी होते.

माझा आग्रह एकच आहे, जशी वाजली तशी एक फाइल हात न लावता जपून ठेवा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर लोक इतकं जोरात चालवतात की झांजांचा श्वासच जातो आणि मग पुढच्याला तीच मेलेली फाइल मिळते. साफ केलेली कॉपी वेगळी ठेवा. आणि फाइलबरोबर माहिती लिहा: लेबल, कॅटलॉग नंबर, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स नंबर, कुठली सुई, वादकांची नावं. वादकांची नावं तर लिहाच. नावाशिवाय फिरणाऱ्या फाइलमुळेच केशव साठे विसरले जातात.

१३. नकली किंवा अर्धवट कायदेशीर रीइश्यू कसे ओळखायचे?

दोन जाती आहेत. एक सरळ बूटलेग, म्हणजे चोरून काढलेली प्रत: सीडीवरून काढलेला आवाज, स्कॅन केलेलं पुसट कव्हर, कोरलेल्या नंबरांत प्रश्न ६ मधली पद्धत नाही. दुसरी जात युरोपात निघणाऱ्या प्रेसिंग्जची, १९६२ पर्यंतचं रेकॉर्डिंग तिथे कॉपीराइटमधून मुक्त आहे (प्रश्न १५) म्हणून ती कायद्यात बसतात, पण मूळ टेप त्यांच्याकडे नसते आणि वादकांच्या घरी काही जात नाही. ऐकायला मिळतंय तर मी कुणाला अडवत नाही, पण मूळ टेपवरून, हक्कदारांशी बोलून काढलेला रीइश्यू उपलब्ध असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या.

१४. फक्त ९९ प्रती काढल्या असं बऱ्याच रेकॉर्ड्सबद्दल ऐकतो, हे खरं की अफवा?

काहींच्या बाबतीत अगदी खरं. तेव्हा ब्रिटनमध्ये रेकॉर्डवर परचेस टॅक्स होता आणि शंभरच्या आतल्या खाजगी प्रेसिंगला तो लागत नव्हता, म्हणून लोक ९९ काढायचे. मायकल गॅरिकचा १९६४ चा 'मूनस्केप' हा दहा इंची अल्बम याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, पुढे ट्रंक रेकॉर्ड्सने तो पुन्हा काढला. १९७३ मध्ये तो टॅक्स जाऊन व्हॅट आला. मात्र विकणारा ९९ म्हणाला म्हणून लगेच मान डोलावू नका, आधी विचारा की ती खाजगी प्रेसिंग होती का. कोलंबिया किंवा फाँटानाच्या रेकॉर्डला हे लागू होणं शक्य नाही.

१५. जुनं झालंय, मिळतही नाही, मग नेटवर टाकून वाटायला काय हरकत आहे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मिळत नाही म्हणजे मुक्त झालं असं कायदा म्हणत नाही. देशागणिक हिशोब वेगळा आहे.

ब्रिटनमध्ये रेकॉर्डिंगच्या हक्काची मुदत आधी प्रकाशनापासून ५० वर्षं होती, १ नोव्हेंबर २०१३ पासून ७० झाली, पण जे त्याआधीच मुक्त झालं होतं ते परत बांधलं नाही. म्हणून १९६२ संपेपर्यंत प्रकाशित झालेलं रेकॉर्डिंग तिथे मुक्त, १९६३ चं थेट २०३३ च्या शेवटपर्यंत बांधलेलं. भारतात प्रकाशनाच्या वर्षानंतर ६० वर्षं. अमेरिकेत १९७२ च्या आधीच्या रेकॉर्डिंगसाठी फार लांब मुदत आहे, तेव्हा तुमची फाइल अमेरिकन सर्व्हरवर असेल तर तेही लक्षात घ्या.

उदाहरण बघा. जो हॅरियटचा 'फ्री फॉर्म' १९६३ च्या आधी निघाला, ब्रिटनमध्ये रेकॉर्डिंग मुक्त. 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' १९६१-६२ मध्ये रेकॉर्ड झाला पण निघाला १९६३ मध्ये, म्हणून ब्रिटनमध्ये बांधलेला, आणि भारतात ६० वर्षं २०२३ संपताना पुरी झाली. तोच माणूस, जवळजवळ तेच वादक, आणि निघायला थोडा उशीर झाला म्हणून एवढा फरक.

१६. म्हणजे रेकॉर्डिंग मुक्त झालं की सगळंच मुक्त?

नाही, इथेच लोक अडकतात. रेकॉर्डिंग वेगळं, रचना वेगळी. रचनेचा हक्क ब्रिटनमध्ये रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६० वर्षं. हॅरियट १९७३ च्या जानेवारीत गेला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रचना भारतात २०३३ संपेपर्यंत आणि ब्रिटनमध्ये २०४३ संपेपर्यंत बांधलेल्या. कव्हरवरचा फोटो, मागचा मजकूर यांचे हक्क आणखी वेगळे. आणि नवीन रीमास्टर सीडीवरून फाइल काढून ती जुन्या रेकॉर्डची म्हणून वाटणं तर मला कुठल्याच हिशोबात पटत नाही, त्यात दुसऱ्याची ताजी मेहनत आहे.

१७. मग कायद्यात राहून वाटायचं कसं?

बरेच रस्ते आहेत. माहिती वाटा: लेबलचे फोटो, मॅट्रिक्स नंबर, वादकांची यादी, यावर कुणाची अडचण नाही आणि संशोधकांना त्याचाच उपयोग जास्त होतो. एकत्र बसून ऐका, रिदम क्लबसारखं. भारताच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ हाउसिंग सोसायटीच्या सामायिक हॉलमध्ये रहिवाशांसाठी, किंवा नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवायला मुभा देतं. तिकीट लावून कॅफेत वाजवणं त्यात बसत नाही, त्यासाठी परवाना लागतो.

ब्रिटनमध्ये २०१४ पासून हक्कदार सापडत नसेल तर नीट शोध घेतल्याचा पुरावा देऊन परवाना मागता येतो. आणि २०१३ च्या बदलात वादकांसाठी एक चांगली तरतूद आहे: ५० वर्षांनंतरही कंपनी रेकॉर्डिंग विकत नसेल तर वादक नोटीस देऊन ते कंपनीकडून सोडवून घेऊ शकतो. त्यामुळे तुमच्याकडे दुर्मिळ प्रत असेल आणि वादक किंवा त्याचं कुटुंब भेटत असेल, तर फाइल आधी त्यांना पाठवा. पुष्कळ वादकांकडे स्वतःच्याच रेकॉर्ड्स नसतात.

१८. रेकॉर्ड नाही, जुन्या रेडिओ कार्यक्रमाची टेप आहे. त्याचं काय?

ती जपा, ती कदाचित रेकॉर्डपेक्षा मोलाची असेल. बीबीसीने जॅझचे कितीतरी कार्यक्रम ठेवलेच नाहीत आणि घरी रेडिओवरून टेप करणाऱ्या लोकांमुळेच ते वाचले. स्वतः टेप फिरवून बघू नका, जुनी टेप चिकटते आणि सुटते, आधी जाणकाराला दाखवा. हक्क इथे गुंतागुंतीचे आहेत, वादकांचे आणि प्रसारकाचे दोन्ही, म्हणून नेटवर टाकू नका. जॅझ इन ब्रिटन नावाची ना-नफा संस्था अशा टेप्स वादकांशी किंवा त्यांच्या घरच्यांशी बोलून रीतसर प्रकाशित करते, त्यांना कळवा.

१९. आमच्या काकांचं कलेक्शन आहे, घरात कुणाला रस नाही. कुणाला द्यावं?

घाईने लॉटमध्ये विकू नका. आधी यादी करा, कॅटलॉग नंबर आणि फोटोसकट, मग कुणा माहितगाराला दाखवा. ब्रिटिश लायब्ररीच्या साऊंड आर्काइव्हला त्यांच्याकडे नसलेल्या गोष्टींत रस असतो, पण सरसकट सगळं कलेक्शन ते घेतील असं नाही. एसेक्समधलं लॉटन इथलं नॅशनल जॅझ आर्काइव्ह १९८८ मध्ये ट्रंपेटवादक डिग्बी फेअरवेदर यांनी सुरू केलं, तिथे मुख्यतः कागद जपले जातात, म्हणजे मासिकं, पत्रं, फोटो, कार्यक्रमांची पत्रकं. काकांच्या खोक्यात अशी पत्रकं किंवा जुनी तिकिटं असतील तर तीही यादीत लिहा. रेकॉर्डच्या आत खोचलेल्या चिठ्ठ्या, बिलं, वर्तमानपत्राची कात्रणं जिथे आहेत तिथेच राहू द्या, कुठली रेकॉर्ड कधी आणि कुठल्या दुकानातून आली हे पुढच्या माणसाला त्यावरूनच कळणार आहे.